छंद आणि व्यवसाय : डोनाल्ड कनूथ यांचा संगणकप्रवास



स्पर्धा परीक्षांच्या मुलाखतीसाठी भराव्या लागणाऱ्या अर्जात छंदांचा रकाना असतो. अनेक उमेदवार तो घाईघाईने भरतात. कारण अभ्यास सुरू झाला की पेटी, तबला, चित्रकला यांना घरोघरी रजा मिळालेली असते. छंद म्हणजे कामातून चोरलेला वेळ, ही त्यामागील समजूत. ती कितपत खरी आहे, हे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या चरित्रावरून तपासता येते.

कनूथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८ रोजी मिलवॉकी येथे झाला. वडील शिक्षक होते. ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि छपाईचा छोटा व्यवसायही करीत. साहजिकच सूर आणि अक्षर या दोहोंची ओळख मुलाला घरातच झाली. १९५६ मध्ये क्लीव्हलँडच्या केस तंत्रशास्त्र संस्थेत प्रवेश घेताना संगीत की भौतिकशास्त्र, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी भौतिकशास्त्र निवडले. पण संस्थेतील ‘आयबीएम ६५०’ या संगणकाने त्यांना वेगळ्याच वाटेवर नेले. फिरत्या चुंबकीय पिंपावर दहा अंकी दोन हजार संख्या, एवढीच त्या यंत्राची मूळ स्मरणशक्ती. कनूथ रात्र रात्र त्यापुढे बसत. महाविद्यालयीन बास्केटबॉल संघातील खेळाडूंच्या कामगिरीचे मोजमाप करणारी आज्ञावलीही त्यांनी याच यंत्रासाठी लिहिली. पुढे आपला ग्रंथराज त्यांनी याच यंत्राला अर्पण केला.

तो ग्रंथ म्हणजे ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’. १९६२ मध्ये योजलेल्या एका पुस्तकाचा विस्तार सात खंडांच्या आराखड्यापर्यंत गेला. १९६८ ते १९७३ या काळात तीन खंड प्रसिद्ध झाले आणि १९७४ मध्ये कनूथ यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी आज्ञावली-लेखनाचा विचार कला म्हणून मांडला.

१९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली. त्यांतील अक्षरजुळणी कनूथ यांना पसंत पडली नाही. त्यांनी ग्रंथलेखन थांबवले आणि गणिती मजकुराच्या जुळणीसाठी ‘टेक’ व अक्षरांची वळणे समीकरणांत मांडण्यासाठी ‘मेटाफाँट’ या प्रणाली तयार केल्या. अल्पावधीत संपेल असे वाटलेल्या या कामाला सुमारे दहा वर्षे लागली. ‘टेक’ त्यांनी सर्वांना मोफत खुली केली. आजही जगभर गणिताचे असंख्य शोधनिबंध तिच्या आधारे छापले जातात.

याची किंमतही मोठी होती. चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ मध्ये, म्हणजे तिसऱ्या खंडानंतर तब्बल ३८ वर्षांनी आला. दुसरा भाग २०२२ मध्ये. वेळेचे मोल ओळखून कनूथ यांनी १९९० पासूनच ई-मेल वापरणे सोडले होते. संगीत मात्र सोडले नाही. त्यांच्या घरी पाइप ऑर्गन आहे. त्यांनी रचलेली ‘फँटासिया अपोकॅलिप्टिका’ ही ऑर्गनरचना त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, १० जानेवारी २०१८ रोजी, स्वीडनमधील पिटेओ येथे प्रथम सादर झाली.

कला आणि गणना यांचे हे नाते भारतालाही परिचित आहे. छंदशास्त्रात लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांच्या रचना किती होतील, हे मोजले की १, २, ३, ५, ८ अशी श्रेणी मिळते. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते. युरोपात फिबोनाची यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या श्रेणीचा विचार हेमचंद्रांनी बाराव्या शतकात, त्यांच्याही आधी, केला होता. कनूथ यांनी आपल्या ग्रंथात त्याची आवर्जून नोंद घेतली आहे.

छंद वेळ घेतो, हे कनूथ यांच्या आयुष्यातही खरे ठरले. परंतु सुबक अक्षराची ओढ नसती, तर ‘टेक’ निर्माण झाली नसती. म्हणून दिवसाच्या वेळापत्रकात अभ्यासाचे तास पक्के करावेत, अनावश्यक व्यवधाने कठोरपणे दूर करावीत. आणि त्याच वेळापत्रकात पेटीसाठी अर्धा तास राखून ठेवावा. अर्जातील तो रकाना मग खऱ्या मजकुराने भरता येईल.