माऊली म्हणायचं ते कुठवर?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात तळोदा येथे केलेले भाषण)

आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनाला उभे राहिलो की तोंड चालतं, भाषण काही जमत नाही. चुकलं तर पदरात घ्या.

शंभर वर्षं दिंडी चालली, आनंद आहेच. पण दिंडी पुढे गेल्यावर मागे गावात काय राहिलं, हे आज विचारावंसं वाटतं.

पंढरपूरचंच बघा. पांडुरंगाच्या दारातच माणसांचे दोन भाग. ज्यांना अस्पृश्य म्हटलं त्यांनी दर्शन घ्यायचं ते बाहेरूनच. चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. शेकडो वर्षं वाऱ्या झाल्या, लाखो लोक नाचले, पण दार उघडलं नाही. शेवटी आपल्या खानदेशात, अमळनेरला शिकवलेले साने गुरुजी उठले. आधी महाराष्ट्रभर फिरले, मग १ मे १९४७ ला पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर सर्वांना उघडायचं ठरलं. म्हणजे आपल्या दिंडीनं पहिली वीसेक वर्षं त्याच बंद दाराची वारी केली. हे सोहळ्याच्या पत्रिकेत कोणी छापत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

आता आपलं तळोदं. बाजारपेठेचं गाव एक, डोंगराकडचे पाडे दुसरे. बाजाराला दोन्ही एकत्र, संध्याकाळी परत वेगळे. भिल्ल, पावरा माणूस बापाच्या वयाचा असला तरी त्याला हाक 'ए' नाहीतर 'अरे'.

याच तालुक्यात मोरवडला संत गुलाम महाराज झाले, भिल्ल समाजातले. दर सोमवारी आरती, हजारोंनी माणसं यायची. दारू सोडा, आंघोळ करा, आणि एकमेकांना 'आप' म्हणा, असं त्यांचं सांगणं. १९३८ साली त्यांनी देह ठेवला. पुढे बंधू रामदास महाराजांनी आरती चालवली. दारूवाल्यांना ते कसं आवडणार? इंग्रज सरकारनं रामदास महाराजांना हद्दपार केलं. तरी 'आप की जय' आजही ऐकू येतं. आम्ही पुष्कळ दिवस याकडे दुसऱ्यांचा पंथ म्हणूनच बघत होतो. मग ध्यानात आलं, आपली वारी वर्षातून एकदा, त्यांची आरती दर आठ दिवसांनी, आणि तो शब्द तर रोज घरातल्या तोंडात.

आमचीच गोष्ट सांगतो. आमच्याकडे भिल्ल समाजातले एक सालदार होते, आमच्याहून मोठे. एका वर्षी दिंडीला आले. पंढरपूरपर्यंत आम्ही त्यांच्या पाया पडलो, पंगतीत मांडीला मांडी लावून जेवलो, माऊली माऊली केलं. परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी मोटार चालू करायला उशीर झाला म्हणून आम्ही बांधावरून ओरडलो, "ए, कुठं मेला होता?" ते बोलले काहीच नाहीत. गळ्यातली माळ तेवढी सदऱ्याच्या आत सरकवली.

पुढच्या वर्षी वारीला चला म्हटलं तर म्हणाले, निंदणी आहे. निंदणी आमच्याच शेतातली, आम्हीच सुट्टी देणारे. त्यांना यायचं नव्हतं. त्यावर आम्ही कीर्तनं किती केली असतील, पण हे कधी सांगितलं नाही.

मंडळींना एक मागणं आहे. यंदा मंडपाचा खर्च थोडा कमी धरा. दर एकादशीला एका पाड्यावर भजन ठेवा, आणि जेवण तिथल्याच चुलीवरचं घ्या. आपला डबा बरोबर न्यायचा नाही.

परवा या सोहळ्याचं आमंत्रण द्यायला आम्ही त्या सालदारांच्या घरी गेलो. आता ते थकले आहेत. दारातून हाक दिली, "आप घरात आहात का?" ते काठी टेकत बाहेर आले, आणि आमच्या मागे कोण पाहुणा उभा आहे ते बघू लागले.