‘स्पॅनिश’ या शब्दाची गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेले भाषण)



आपल्या मंडळातील एका मैत्रिणीच्या नातीने स्पॅनिश शिकायला सुरुवात केली आहे. “स्पॅनिश म्हणजे नेमके काय हो?” असे त्यांनी मला विचारले. प्रश्न साधा, पण उत्तर मोठे मौजेचे आहे.

स्पेन देशाचे ते स्पॅनिश, हा सरळ अर्थ. पण स्पेनमध्येच या भाषेला दोन नावे आहेत. मध्य स्पेनच्या कास्तिया प्रांतात ती वाढली, म्हणून तिला ‘कास्तेयानो’ म्हणतात, आणि १९७८ च्या त्यांच्या राज्यघटनेतही हेच नाव आहे. त्या देशात कातालान, बास्क, गालिसियन याही भाषा आहेत. एकीलाच ‘स्पॅनिश’ म्हटले तर बाकीच्यांनी काय म्हणावे? आपण हिंदीला ‘भारतीय’ म्हटले तर मराठी माणसाला कसे वाटेल, तसेच ते. शिवाय ही भाषा आज सुमारे वीस देशांची राजभाषा आहे. मेक्सिकोची बाई स्पॅनिश बोलते, पण ती स्पॅनिश नव्हे!

आता आपल्या अंगणात या. बकुळीला इंग्रजीत ‘स्पॅनिश चेरी’ म्हणतात. बकुळ ना स्पेनची, ना ती चेरी. ती आपल्या इकडचीच, चिकूच्या कुळातली. उलट, एकादशीच्या ताटातला बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. ‘बटाटा’ हा शब्दही कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. तिथे तो रताळ्याचे नाव होता. स्पॅनिश लोकांनी तो उचलला आणि पोर्तुगीजांकरवी तो आपल्याकडे आला. त्याला मात्र कोणी परका म्हणत नाही.

इथवर गंमत झाली. पण याच शब्दाचा एक वापर जिव्हारी लागणारा आहे, तो म्हणजे ‘स्पॅनिश फ्लू’. १९१८ साली महायुद्ध चालू होते. लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर बंधने होती, त्यामुळे तिथल्या साथीच्या बातम्या दडपल्या गेल्या. स्पेन तटस्थ होता. तिथल्या पत्रांनी साथीची बातमी उघड छापली, त्यांचे राजेही आजारी पडले, आणि जगाने ठरवले की रोग स्पेनचा! खरे बोलले त्यांच्याच कपाळी डाग आला.

ही साथ जून १९१८ मध्ये मुंबईत पोहोचली आणि पावसाळ्यानंतर अधिक उग्र झाली. हिंदुस्थानात एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसे गेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. घरातल्या आजाऱ्याच्या उशाशी बसणारी कोण, हे तुम्हांला मी सांगायला नको.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, नव्या रोगाला देशाचे, गावाचे वा लोकांचे नाव देऊ नये. तरीही २०२० मध्ये आपण काय पाहिले? ज्या घरी रुग्ण सापडला ते घर गल्लीत ‘कोरोनावाल्यांचे’ झाले. माणसे बरी झाली, पण कामवाल्या बाईंना पुन्हा बोलावायला महिने लागले. त्या भीतीने कित्येकांनी ताप लपवला, आणि लपवलेला ताप घरभर पसरला.

म्हणून माझी विनंती एवढीच. मुलींना भाषा जरूर शिकवा, स्पॅनिशही शिकवा. पण आपल्या वस्तीत पुढे कधी साथ आली, तर रोगाला रोगाचे नाव द्या आणि माणसाला माणसाचे. जी बाई पहिल्या दिवशी “माझ्या घरी ताप आहे” असे सांगेल, तिच्या दारात मंडळाने दोन वेळचा डबा ठेवावा. असा ठराव आजच करावा, असे मी सुचवते.