बाळोती धुणार कोण, डायपर उचलणार कोण?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



‘बाळाला काय वापरावं, बाळोती की डायपर?’ वस्तीतल्या बैठकांत हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणारी बहुधा पहिलटकरीण असते. बाळोती वापरली तर ती ‘मागासलेली’, डायपर वापरला तर ‘आळशी’. बोल दोन्हीकडून तिलाच. बाळाच्या बापाला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मला हा प्रश्न जरा वेगळा मांडायचा आहे. बाळाची शी-शू काढणं हे काम आहे. वस्तू बदलली म्हणून ते संपत नाही, एका हातातून दुसऱ्या हातात जातं. हे हात कुणाचे, ते पाहू या.

आधी बाळोती. जुन्या सुती साडीची, धोतराची बाळोती मऊ असतात आणि फुकटात होतात. पण तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा सहज लागतात. जिथे नळाला तासभरच पाणी येतं तिथे ती धुवायची कधी? पावसाळ्यात दहा बाय दहाच्या खोलीत वाळवायची कुठे? ओल्या बाळंतिणीला मोरीत बसावं लागतं, नाहीतर आजीला. ज्या घरात धुण्याला बाई येते तिथे ते तिच्या गळ्यात पडतं, आणि पगार मात्र तेवढाच. ‘पूर्वीच्या बायका करतच होत्या की!’ असं म्हणतात. करत होत्या, पण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग तरी काय होता?

आता डायपर. आत लाकडाचा लगदा, ओल शोषून फुगणारी रासायनिक भुकटी आणि बाहेरून प्लॅस्टिक. त्याने आईचा वेळ वाचतो, रात्रीची झोप मिळते. ही लहान गोष्ट नाही. पण एक डायपर दहा रुपयांना धरला आणि दिवसाला सहा लागले, तर महिन्याचे अठराशे रुपये होतात. मग काटकसर म्हणून एकच डायपर दिवसभर ठेवला जातो आणि बाळाचं अंग सोलवटून निघतं.

आणि फेकल्यावर? धुण्याचं काम घरातून गेलं, पण कचरावेचक बाईच्या हातात गेलं. पुण्यात या कामात बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. १९९३ साली त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढली. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला पुडी उघडून हात घालावा लागणार नाही, एवढी साधी मागणी त्यांनी शहराकडे केली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली की पाकिटासोबत प्रत्येक डायपर आणि पॅड गुंडाळायला पिशवी द्यावी. आपल्यापैकी किती जणींना ती पिशवी मिळाली, हात वर करा बघू!

‘पण पर्यावरणाचं काय?’ असं कुणी विचारेल. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ साली दोन्हींचा जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशोब मांडला. सरासरी वापरात हवामानावरचा बोजा जवळजवळ सारखाच निघाला. कापड जास्त गरम पाण्यात न धुता, मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि पुढच्या बाळालाही वापरलं, तर बोजा बराच कमी होतो. आपल्याकडे दोरीवर वाळवणं आणि थोरल्याचं धाकट्याला वापरणं हे काही नवं नाही. तेव्हा कापडाचं पारडं आपल्याकडे जड आहे. पण ते धुणारे हात कुणाचे, हे त्या हिशोबात येत नाही. ते आपणच विचारायला हवं.

म्हणून माझं म्हणणं असं. दिवसा, घरी असताना बाळोती किंवा कापडी लंगोट. रात्री, प्रवासात, आजारपणात आणि पाणी नसेल तेव्हा डायपर. त्याबद्दल कुठल्याही आईने अपराधी वाटून घेऊ नये. मात्र अटी आहेत. बाळोती बापानेही धुवावीत. कामाच्या बाईकडून धुऊन घ्यायची तर तिला विचारून आणि वेगळे पैसे देऊन. डायपरमधली शी आधी संडासात टाकावी, डायपर कागदात गुंडाळावा, लाल खूण करावी आणि पुडी वेगळी द्यावी.

आणि एवढ्यावर थांबू नये. वस्तीत पुरेसं पाणी, कंपन्यांकडून पिशव्या, कचरावेचकांना हातमोजे आणि या कचऱ्याचा वेगळा मोबदला, कामाच्या ठिकाणी कापडी लंगोटही चालवून घेणारं पाळणाघर, या मागण्या आपल्या मंडळांच्या आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचं बंधन घातलं. घरकामगार, बिगारी बाईला त्याचा काय उपयोग झाला?

पुढच्या बैठकीत पहिलटकरणीने हा प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याआधी तिलाच विचारा, ‘तुझ्या घरी पाणी किती वेळ येतं? आणि धुवायला तुझ्याबरोबर कोण आहे?’ चर्चा तिथून सुरू करू या.