तार कोणाची, खांब कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव भारदस्त आहे. मी मात्र विजेच्या खांबापासून सुरुवात करतो. आपल्या खेड्यापाड्यांतील हे खांब जनतेच्या पैशातून उभे राहिले. २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले, तरी वितरणाची कंपनी शासनाच्या मालकीची राहिली. केरळने नेमका याच खांबांचा विचार केला. तेथील वीज मंडळ आणि राज्याची माहिती-तंत्रज्ञान महामंडळवजा कंपनी यांनी मिळून के-फोन नावाची कंपनी काढली, ऑप्टिकल फायबरची केबल बव्हंशी विजेच्या खांबांवरून नेली, आणि ५ जून २०२३ रोजी त्या जाळ्याचे उद्घाटन झाले. रस्ते खोदणे, त्यासाठी परवानग्या मिळविणे, खोदलेले पुन्हा बुजविणे हा खर्च अशाने पुष्कळ वाचतो.

खाजगी कंपनी दर ग्राहकामागे उत्पन्न किती, एवढाच हिशेब मांडते. त्यात तिची दुष्टबुद्धी नाही, तो तिचा धर्मच आहे. परंतु रेशनचे धान्य, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज हे सारे जेव्हा शासनच तारेवर चढविते, तेव्हा तार न पोहोचलेला माणूस हा नुसता ग्राहक म्हणून वगळला जात नाही, नागरिक म्हणून वगळला जातो. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा सह्याद्रीतील मुलांना धड्यांसाठी डोंगरमाथा गाठावा लागला, हे आपण विसरलेलो नाही.

आता कटू भाग. केरळात वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याची घोषणा झाली होती. पहिल्या टप्प्यासाठी प्रत्यक्षात ठरली ती प्रत्येक विधानसभा मतदारसंघात १०० कुटुंबे, म्हणजे १४० मतदारसंघांत १४,०००. सुमारे पंधराशे कोटींच्या योजनेत घोषणा आणि अंमलबजावणी यांतील हे अंतर आपण झाकून ठेवू नये. विरोधक ते दाखवितातच, आणि दाखवावेच. मोफत जोडणीचा भार शासकीय कार्यालये, पैसे देणारे ग्राहक आणि भाड्याने द्यावयाचे शिल्लक तंतू यांनी उचलावा, ही कल्पना मात्र मला योग्य वाटते.

केंद्राची कथा अधिक लांबलेली आहे. २०११ साली मंजूर झालेली, पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींसाठी होती. पैसा नव्हता असे नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नावरील आकारणीतून उभा राहिलेला सार्वत्रिक सेवेचा निधी वर्षानुवर्षे पूर्ण खर्चच झाला नाही. मुदती मात्र वाढत गेल्या. केबल टाकली की कंत्राटदाराचे बिल निघते. ती तुटली की जबाबदार कोण, याचे उत्तर गावात कोणालाच ठाऊक नसते. पंचायतीच्या कपाटातील ती पेटी वीज नसल्याने बंद पडलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

याचा अर्थ सार्वजनिक क्षेत्र नालायक, असा काढणाऱ्यांना मी १९८६ ची आठवण देतो. बेळगावजवळच्या कित्तूरला सी-डॉटचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बसले. वातानुकूलनाशिवाय, धूळ आणि उन्हाळा सोसून चालेल असे ते यंत्र आपल्याच अभियंत्यांनी सरकारी संस्थेत घडविले. त्याच देशात भारत संचार निगमला फोर-जीची यंत्रणा उभारण्यात इतका विलंब झाला की तिचे राष्ट्रव्यापी उद्घाटन २०२५ साली झाले. खाजगी कंपन्या तोवर कित्येक वर्षे पुढे गेल्या होत्या. दरम्यान २०२० च्या जानेवारीत निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. मालकी सार्वजनिक ठेवायची आणि तिला उपाशी ठेवायचे, हा खाजगीकरणाचाच एक सभ्य प्रकार आहे.

म्हणून केवळ मालकीचा ठराव करून आपले भागणार नाही. लाइनमनला केबल जोडण्याचे शिक्षण आणि कायम नोकरी, देखभालीच्या खर्चाची अंदाजपत्रकात वेगळी तरतूद, आणि दुरुस्ती झाल्याचा दाखला कंत्राटदाराने नव्हे तर ग्रामसभेने देणे, एवढे तरी मागावे लागेल. नोकरशाहीला यातील तिसरी मागणी सर्वांत जड जाईल.

येत्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येकाने आपल्या पंचायतीतील पेटी उघडून पाहावी. ती चालू आहे का, शेवटची केव्हा चालली, तक्रार कोणाकडे नोंदवितात, हे लिहून पुढील बैठकीला आणावे. जिल्ह्याचा तक्ता आपण त्यावरूनच करू.