रक्त कुणाचं, हक्क कुणाचा?



अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई नावाचं गाव आहे. गाडीरस्ता नाही, टपालसुद्धा खेचरांवरून उतरतं. तिथल्या हवासुपाई आदिवासींना मधुमेहानं ग्रासलं होतं. म्हणून १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी रक्त मागितलं, तेव्हा लोकांनी विश्वासानं हात पुढे केले.

२००३ साली याच जमातीच्या कार्लेटा टिलूसी त्या विद्यापीठात पीएच.डी.च्या एका तोंडी परीक्षेला जाऊन बसल्या. समोर मांडलं जात होतं ते त्यांच्याच माणसांच्या रक्तावरचं संशोधन, आणि मधुमेहाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, याची परवानगी घेतली होती का? पुढे उघड झालं की तेच रक्त स्किझोफ्रेनियाच्या आणि जवळच्या नात्यांतल्या संततीच्या अभ्यासासाठी, इतकंच काय, पूर्वज आशियातून आले का हे तपासायलाही वापरलं होतं. आपला उगम याच दरीत झाला, असं मानणारी ही माणसं! संमतीपत्रावर सह्या होत्या, नाही असं नाही. पण त्यातली भाषा इतकी ऐसपैस, की तिच्यात काहीही बसावं. २०१० मध्ये विद्यापीठाशी तडजोड झाली. ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी अट: उरलेलं रक्त परत करायचं.

शेजारच्या नवाजो जमातीनं तर २००२ मध्येच जनुकीय संशोधन थांबवलं होतं. क्रिस्टल सोसी ही तरुण जनुकशास्त्रज्ञ नवाजोच, आणि आज शिकवते त्याच ॲरिझोना स्टेटमध्ये. बंदीमागचा राग तिला कळतो, पण दार कायमचं लावून घेणंही परवडणारं नाही. २०१९ च्या एका आढाव्यानुसार, जनुकं आणि रोगांची सांगड घालणाऱ्या अभ्यासांत ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून काढलेले आडाखे इतरांना नीट लागू पडत नाहीत. म्हणून सोसी आणि तिच्या सहकाऱ्यांनी साउथ डकोटात, आदिवासींच्याच भूमीवर, नेटिव्ह बायोडेटा कन्सॉर्शियम उभारलं. नमुने आणि माहिती आदिवासींच्याच ताब्यात. काम खर्चिक आहे, आणि मोठ्या विद्यापीठांच्या मानानं संस्था चिमुकली.

आपल्या जीनोम इंडिया प्रकल्पातही दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेले, त्यांत आदिवासी गट आहेत. ती माहिती फरिदाबादच्या केंद्रात असते आणि जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. ती मागणाऱ्यांच्या अर्जांवर निर्णय होताना रक्त देणाऱ्या गटांपैकी कुणीतरी त्या टेबलाशी बसलेलं असावं, असं मला वाटतं.