खिळे ओतणारे शंकर आबाजी भिसे

पनवेलला रोज वर्तमानपत्रांचे गठ्ठे येतात. त्यांतली अक्षरे आता संगणकावर जुळतात. पण पूर्वी ती शिशाच्या खिळ्यांनीच उमटत. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा तापलेला रस साच्यात ओतायचा, थिजला की खिळा काढायचा. छापून छापून खिळा झिजला, की अक्षर बोथट झालेच म्हणून समजा! त्यातून आपली देवनागरी. काने, मात्रा, जोडाक्षरे धरून शेकडो तऱ्हांचे खिळे लागायचे. तेव्हा भराभर खिळे ओतणारे यंत्र ही छापखान्याची मोठीच गरज होती.

त्या यंत्राचा ध्यास घेतला आपल्या मुंबईच्या माणसाने. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा. पुढे ते विलायतेला गेले. तिथे दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नंतर सर रतन टाटांनी पैसा पुरवला. खिळे ओतण्याच्या त्यांच्या यंत्राला नाव पडले ‘भिसोटाइप’. पण लायनोटाइप न्यूयॉर्कमध्ये १८८६ सालीच चालू झाले होते. अशा बड्या यंत्रांपुढे टिकायचे, तर नुसती बुद्धी पुरत नाही, भांडवलही लागते. त्यासाठी भिसे पुढे अमेरिकेत गेले आणि ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कलाच वारले.

लोक त्यांना ‘हिंदी एडिसन’ म्हणत. नाव मोठे खरे. पण या बुद्धीला घर सोडूनच वाट शोधावी लागली. उद्या तळोज्याच्या एखाद्या कारखान्यात कुणा पोराने यंत्रात सुधारणा सुचवली, तर त्याला हसून वाटेला लावू नका. त्याचे आधी ऐकून घ्या.