मृत्युपत्र : घरातला राहिलेला विषय

इस्टेट ड्यूटी १९८५ साली रद्द झाली. वारशाने घर मिळाले म्हणून आज आपल्याकडे कर लागत नाही. ते विकताना मात्र नफ्यावर लागतो आणि नफा काढताना वडिलांची खरेदीची किंमत धरता येते. म्हणून जुने खरेदीखत जपा. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही मुलांना सांगा.

आम्ही जैन पर्युषणात सर्वांची क्षमा मागतो. तरी झोप येत नाही म्हणून दवाखान्यात येणारे कित्येकजण सख्ख्या भावाशी दावा लढत असतात. वडिलांनी अशुभ म्हणून कागद केलेला नसतो. त्याला माझ्याकडे औषध नाही. आज घरी हा विषय काढा.